मोबाईलांतील माहिती आणि आमचीं मुलें

(खानदेशांतील एका खेड्याच्या शाळेंत भरलेल्या पालकसभेंत तेथील एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



वेचणीचे दिवस आहेत, मजुराची ओढाताण आहे, तरी आपण कामधंदा टाकून येथें आलांत. सुतार-लोहारांचीं दुकानें बंद करूनही कांहीं मंडळी आलेली दिसतात. तेव्हां मी लांबण लावणार नाहीं. मला एक कबुली द्यावयाची आहे आणि मग एक मागणें मागावयाचें आहे. कबुली आधीं.

मागील खरिपांत मीं नववीच्या मुलांना घरीं करण्यास एक काम दिलें होतें. "आपल्या शेतांतील तण व त्याचा बंदोबस्त" या विषयावर मोबाईलांतून माहिती शोधून आणा व वहींत लिहा, असें सांगितलें. मुलांनीं भराभर लिहून आणलें. एका मुलाची वही फारच नीटनेटकी होती, म्हणून मीं त्याला दहांपैकीं नऊ गुण दिले. त्या मुलाच्या बापाचा दोन एकर कापूस तणांत बुडाला होता, निंदणीस बाया मिळत नव्हत्या. मुलानें वहींत लिहिलेला उपाय बापाला दाखविला. मोबाईलांत एक इसम पाठीवर पंप घेऊन उभा आहे आणि सांगतो आहे कीं, पंपाला इतकें औषध घाला, आठ दिवसांत तण जळून जाईल, पिकाला मुळींच धक्का नाहीं. चित्रांत त्याचें तोंड आणि पंप तेवढा दिसतो. बापानें औषध आणलें आणि मारलें.

तें औषध होतें टू-फोर-डी. आपल्यापैकीं जाणत्यांनीं आतांच डोक्याला हात लावला, तो मला दिसला. हें औषध ज्वारी, मका, गहूं, ऊंस यांतील रुंद पानांच्या तणासाठीं आहे. कापसाला तें विषासारखें. नीट न धुतलेल्या पंपांत राहिलेला अंश जरी कापसावर पडला, तरी पानें भेंडीच्या पानांसारखीं चिरत जातात आणि झाड वाढायचें थांबतें. तसेंच झालें. पुढें मीं ती चित्रफीत शोधून काढली. मूळ चित्रफितींत तो इसम पहिल्याच वाक्याला म्हणतो, "ही माझी ज्वारी." गटांत फिरत आलेल्या चित्रफितीचा नेमका तो आरंभच कोणीतरी कापलेला होता. शोधायला मला दहा मिनिटें लागलीं. हीं दहा मिनिटें मुलाला खर्च करतां आलीं असतीं, पण तीं करायचीं असतात हें त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें.

बाप मला रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, पोरगं शिकलेलं म्हणून मी त्याचं ऐकलं." या वाक्यानें मला पुष्कळ रात्री झोंप आली नाहीं. अडाणी बापाचें नुकसान झालें असतें तर आम्ही शिक्षक म्हणालों असतों, पाहा, शिक्षण नाहीं म्हणून असें झालें. येथें तर शिक्षणाच्याच वाटेनें नुकसान घरांत शिरलें, आणि वर मीं त्याला नऊ गुण दिले!

पूर्वीं पोथींत आहे म्हणजे खरें, असें आपल्या आजा-पणजाला सांगत. पोथी कोणी लिहिली, केव्हां लिहिली, कोणाच्या फायद्याची, असें विचारण्याची सोय नव्हती. विचारील तो पाखंडी. ती खोड मोडावी म्हणून कित्येकांनीं जन्म वेंचले. आणि आज आमचा मुलगा म्हणतो, मोबाईलमध्यें आहे म्हणजे खरें. त्यांतून मजकूर इंग्रजींत असला कीं तो जास्त खरा, आणि "शास्त्रज्ञ म्हणतात" असें आरंभीं असलें कीं मग विचारायलाच नको. पोथी बदलली, मान डोलविणें तसेंच राहिलें.

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, हें पारख करण्याचें काम मोठ्या विद्वानांचें. आमच्या पोरांना तें कसें जमावें? मी म्हणतों, ही विद्या तुमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुलीला स्थळ आलें म्हणजे तुम्ही काय करतां? पाहुण्यांचा फेटा, घड्याळ आणि गोड बोलणें पाहून लगेच सुपारी फोडतां काय? पाहुण्यांना चहा पाजतां, वाटेला लावतां आणि दुसऱ्या दिवशीं तिसऱ्याच गांवीं जातां. तेथें आपला कोणी आतेभाऊ, कोणी व्यापारी, कोणी त्या घराचा सोयरा असतो. त्याला विचारतां: जमीन खरोखर किती, कर्ज किती, मुलगा पितो काय, थोरल्या सुनेला कसें वागवितात. बैलबाजारांतही तेंच. दलाल बैलाचे दांत दाखवितो, शिंगांना रंग लावून आणतो. तुम्ही दांत पाहतां, पण बैल कोणाच्या दावणीचा हें दुसऱ्याला विचारतां. जो स्वतःबद्दल बोलतो त्याच्याच तोंडाकडे पाहात बसून खरेंखोटें कळत नाहीं, हें तुम्हांला पक्कें ठाऊक आहे.

मोबाईलांतील माहितीची पारख याहून निराळी नाहीं. हें माझ्या पदरचें नव्हे. अमेरिकेंत स्टॅनफर्ड म्हणून मोठें विद्यापीठ आहे. तेथील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनीं एक परीक्षा घेतली व ती २०१७ सालीं प्रसिद्ध केली. परीक्षेला ४५ माणसें बसविलीं: १० इतिहासाचे पंडित, त्याच विद्यापीठांतले २५ विद्यार्थी, आणि १० जण वर्तमानपत्रांसाठीं बातम्यांचा खरेखोटेपणा तपासण्याचा धंदा करणारे. त्यांच्यापुढें बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांचीं पानें ठेवलीं. एक संस्था १९३० सालची, हजारों डॉक्टरांची. दुसरी २००२ सालीं तिच्यापासून फुटून निघालेली, मूठभर मंडळींची. तिची ओळख तिच्या विशिष्ट मतांमुळेंच. पण दोघींचीं नांवें सारखीं वाटावींत अशीं, आणि दोघींचीं पानें सारखींच झकपक.

विद्यार्थी काय करीत बसले? पान वरून खालीं वाचीत बसले. अक्षर सुबक आहे, चिन्ह चांगलें आहे, खालीं संदर्भ दिले आहेत, तेव्हां संस्था भरंवशाची, असें म्हणूं लागले. पुष्कळांना ती छोटी संस्थाच अधिक विश्वासाची वाटली. पंडितांपैकींही कित्येक फसले. आणि धंदेवाईक तपासनीस? त्यांनीं पान धड वाचलेंही नाहीं. थोडक्या वेळांत तें तसेंच सोडून बाजूला दुसरीं पानें उघडलीं आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात तें पाहिलें. एकही फसला नाहीं. थोडें वाचलें, पण बरोबर ओळखलें. म्हणजे त्यांनीं पाहुण्यांच्या फेट्याकडे न पाहातां तिसऱ्या गांवीं जाऊन चौकशी केली! विद्यापीठाच्या पंडितांना जें सुचलें नाहीं, तें आमच्या माळणीला व कुंभारणीला मुलीच्या लग्नांत सुचतें. फक्त हातांत मोबाईल आला कीं तीच माळीण तें विसरते, आणि आम्ही शाळेंत तिच्या मुलाला त्याची आठवण करून देत नाहीं.

त्याच मंडळींनीं पुढें अमेरिकेंतील हायस्कुलांच्या ३,४४६ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. मुलांना एक चित्रफीत दाखविली. मतपेटींत लबाडीनें मतपत्रिका कोंबीत आहेत, आणि वर लिहिलें आहे कीं हें अमेरिकेंतल्या निवडणुकींतलें. वास्तविक ती रशियांतली होती. मुलांजवळ इंटरनेट होतें, शोधायची मोकळीक होती. निम्म्याहून अधिक मुलांनीं, म्हणजे शंभरांत ५२ जणांनीं, अमेरिकेंत लबाडी झाल्याचा हा भक्कम पुरावा आहे असें सांगितलें. मूळ चित्रफीत रशियांतली आहे असें शोधून काढणारे किती? साडेतीन हजारांत तीन. हीं मुलें जन्मापासून मोबाईल खेळविणारीं. तेव्हां "आमचा पोरगा मोबाईलमध्यें फार हुशार आहे" असें आपण कौतुकानें म्हणतों, तें जरा जपून म्हणावें. बोटें हुशार असतात. चौकशीची संवय वेगळी शिकवावी लागते.

कापसाचें नुकसान पुढच्या हंगामांत कदाचित् भरून निघेल. परंतु कांहीं नुकसान भरून निघत नाहीं, आणि तें आपल्याच भागांत झालेलें आहे. १ जुलै २०१८ हा दिवस. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा. आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण, सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षा मागत आलेले, बाजारांत उतरले. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून गांवोगांव फिरत होते. त्यांतला एक जण एका लहान मुलीशीं बोलतांना दिसला, एवढेंच निमित्त. जमावानें त्यांना मारलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारलें. पांचही जण मेले. मारणारे कोण, तर आपल्यासारखेच कष्टकरी. मेले ते कोण, तर आपल्याहूनही गरीब, ज्यांना घर नाहीं, शेत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या झोळींत आपल्या आया-आज्या पसाभर धान्य घालीत आल्या, त्यांतलेच ते.

त्या काळांत हिंदुस्थानांत अशा अफवांबरोबर एक चित्रफीत फार फिरली. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणारें पोर उचलतात आणि पळून जातात. पाहणाऱ्याचें रक्त उसळावें अशी. ती मूळची पाकिस्तानांतील कराची शहरांतली. मुलांना जपा, असें लोकांना सांगण्यासाठीं तेथल्या एका संस्थेनें मुद्दाम रचून तयार केलेली. शेवटीं तेच दोघे पोर परत आणून ठेवतात आणि फलक दाखवितात. हिंदुस्थानांत फिरली तिचा तो शेवट कापलेला होता. माझ्या विद्यार्थ्याच्या चित्रफितीचा आरंभ कापला होता, हिचा शेवट कापला होता. कात्री एकच. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनीं हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये, असा बंदोबस्त केला. चांगलें झालें. पण पांच ठिकाणीं ढकललेला निरोप पंचवीस ठिकाणीं जायला किती वेळ लागतो?

येथें मागच्या रांगेंतून एक आजोबा म्हणाले, मग पोरांच्या हातून हें खेळणेंच काढून घ्या. आजोबांचा राग मला समजतो. पण आजोबा, सातबारा पाहण्यासाठीं तलाठ्याच्या दारांत किती चकरा मारल्या, तें तुम्हीच मला सांगितलें होतें. आज तो महाभूलेखाच्या पानावर घरबसल्या पाहतां येतो. हवामानखात्याचा इशारा, बाजारभाव, मराठी विश्वकोशाचे खंड, सगळें त्यांत आहे. विश्वकोश तर फुकट आहे. ज्या घरांत एक पुस्तक नाहीं, त्या घरांत विश्वकोश आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. तें आपण काढून घेतलें तर पुन्हां दुसरा कोणी वाचील आणि आम्ही मान डोलवूं. आणखी एक, रागावूं नका: बहुतेक घरांत मोबाईल एकच, आणि तो मुलाच्या हातांत. मुलगी विचारील तेव्हां "तुला काय करायचा?" हें उत्तर. सासरीं गेल्यावर लेकराच्या तापावर कोणता खोटा उपाय करूं नये, हें तिनेंच ओळखायचें आहे. म्हणून वर्गांत मी मुलींना आधीं शिकविणार.

दुसरें टोंकही वाईट. कांहीं मुलें चार वेळां फसलीं कीं म्हणतात, सगळेंच खोटें. त्यांना वाटतें आपण शहाणे झालों. पण जो डॉक्टरावरही विश्वास ठेवीत नाहीं आणि मांत्रिकावरही नाहीं, तो शेवटीं जो मोठ्यानें ओरडेल त्याच्या मागें जातो. बाजारांत सगळेच बैल खोडकर म्हणून बसला, त्याची पेरणी होत नाहीं. कोणावर किती भरंवसा ठेवावा, हें मुलाला सांगतां आलें पाहिजे.

हें शिकवून येतें काय? येतें, मात्र एका व्याख्यानानें येत नाहीं. बिहारांत गया जिल्ह्यांत २०१९ च्या निवडणुकीच्या वेळीं सुमित्रा बद्रिनाथन यांनीं बाराशेंवर लोकांत एक प्रयोग केला. घरीं जाऊन तासभर शिकवायचें, मग परीक्षा. एकंदरींत कांहीं फरक पडला नाहीं. पुढें २०२३-२४ च्या सुमारास त्याच बिहारांत, गांवच्या ग्रंथालयांतून, त्या व त्यांच्या सोबत्यांनीं ५८३ गांवांतल्या १३ हजार ५०० हून अधिक मुलामुलींना घेऊन दुसरा प्रयोग केला. या वेळीं घाई केली नाहीं; कांहीं आठवड्यांच्या अवधींत चार वर्ग घेतले, मुख्यतः आरोग्याच्या खऱ्याखोट्या गोष्टींवर. मुलें सुधारलीं. चार महिन्यांनीं विचारलें तरी तें टिकलेलें होतें. आणि मला सर्वांत आवडलें तें हें, कीं घरीं बसलेल्या आईबापांनाही त्याचा गुण आला. हीं मुलें तुमच्या-आमच्यासारख्या शेतकरी-मजुरांचींच. केरळांत कन्नूर जिल्ह्यांत गोवर-रुबेलाच्या लशीविरुद्ध अफवा पसरल्या, तेव्हां तेथील जिल्हाधिकाऱ्यांनीं सुमारें दीडशें सरकारी शाळांतून असेच तास सुरू केले. म्हणजे ही गोष्ट फक्त परदेशांतली, असें कोणी म्हणूं नये.

आतां आमच्या शाळेंत काय करावयाचें तें सांगतों. मुलगा एखादी गोष्ट घेऊन आला कीं पहिली गोष्ट, थांबायचें. रक्त उसळलें, भीति वाटली, लोभ सुटला, कीं तर हटकून थांबायचें. कारण निरोप पाठविणाऱ्याला तीच घाई हवी असते. मग सांगणारा कोण, त्याचें यांत काय विकलें जातें, हें बाहेर जाऊन विचारायचें. बियाण्याची तारीफ करणारा बियाणेंच विकत असेल, तर त्याचें म्हणणें ऐकावें, पण साक्ष म्हणून धरूं नये. मग हीच गोष्ट दुसरे जाणते लोक काय सांगतात तें पाहायचें. शेतीची असेल तर कृषि विद्यापीठ काय म्हणतें, आणि बाटलीवरचें पत्रक काय म्हणतें. चित्र असेल तर चित्रावरूनच मूळ शोधायची सोय मोबाईलांत आहे, ती बहुतेक मुलांना ठाऊक नसते, ती दाखवीन. शोधतांना प्रश्न मराठींत लिहावा आणि तोच इंग्रजींतही लिहून पाहावा, कारण मराठींत अजून पुष्कळ विषयांवर मजकूर थोडा आहे. आणि प्रश्न सरळ विचारावा. "अमुक औषधानें तण जातें काय" असें विचारलें कीं "जातें" म्हणणारेच पुढें येतात. "अमुक औषध कापसाला चालतें काय" असें विचारलें असतें तर दोन एकर वांचले असते.

हल्लीं यंत्रच उत्तर लिहून देतें. मुलें खूष आहेत. तें यंत्र फार गोड, शुद्ध व ठाम बोलतें आणि कधीं कधीं तितक्याच ठामपणें चुकतें. त्याच्या उत्तरालाही तिसऱ्या गांवची चौकशी हवीच.

एक अगदीं घरगुती गोष्ट आतांच ध्यानांत ठेवा, म्हणजे आजची फेरी फुकट जाणार नाहीं. पी. एम. किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं, आपल्यापैकीं पुष्कळांना मिळतात. त्याच्या नांवानें खोटे निरोप येतात: हप्ता अडकला आहे, येथें दाबा, हें ॲप घ्या. पानाचा पत्ता वाचतांना शेपूट पाहा. आरंभींचें "एचटीटीपीएस" व त्याच्या दोन रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीं, अगदीं शेवटीं, "डॉट जीओव्ही डॉट इन" असलें तर पान सरकारचें. आधीं कितीही वेळां "किसान" लिहिलेलें असलें आणि शेपूट निराळें असलें, तर तें घर निराळ्याचें. टपालाच्या पत्त्यांत तालुका-जिल्हा शेवटीं असतो ना, तसेंच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फाईल पाठवून सरकार कोणाला ॲप देत नाहीं. चुकून दाबलें आणि पैसे गेले, तर लाजूं नका, लपवूं नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. उशीर झाला कीं पैसे परत मिळणें कठीण.

आतां मागणें. दर शनिवारीं शाळेचा शेवटचा तास मीं या कामासाठीं राखून ठेवला आहे. तो एका शनिवारीं होऊन बंद पडणार नाहीं, वर्षभर चालेल. मुलांनीं काय तपासायचें, तें मीं पुस्तकांतून काढून देण्यापेक्षां तुम्हीं द्यावें. आठवड्यांत तुमच्या मोबाईलवर जो निरोप येईल, औषधाचा, बियाण्याचा, कर्जमाफीचा, लशीचा, कोणत्या जातीधर्माच्या लोकांनीं काय केलें याचा, तो पुढें न ढकलतां मुलाजवळ पाठवा. मुलें फळ्यावर मांडतील, चौकशी करतील आणि काय सांपडलें तें संध्याकाळीं तुम्हांला घरीं येऊन सांगतील. मुलगा म्हणाला कीं "आबा, हें खोटें निघालें," तर त्याला गप्प करूं नका. त्यानें तें कसें शोधलें तें विचारा. आणि मीं पाठविलेला निरोप खोटा निघाला, तर तोही फळ्यावर लिहिला जाईल, हें मुलांना मीं सांगून ठेवलें आहे.

ज्या मुलाचा कापूस गेला, त्याला मीं विचारलें, पहिल्या तासाला तुझीच चित्रफीत घेऊं काय? तो कांहीं वेळ खालीं पाहात राहिला, मग म्हणाला, घ्या, पण मीच दाखवीन. त्याचे वडीलही त्या दिवशीं येणार आहेत. येत्या शनिवारीं, साडेदहाला.